चलनवाढ, भाववाढ की महागाई?

प्रश्न असा आहे : 'चलनवाढ' आणि 'महागाई' एकच का? आणि बातमीत 'महागाई घटली' म्हणतात, तेव्हा वस्तू स्वस्त का होत नाहीत?

आधी दुसरा प्रश्न, तो सोपा आहे. 'महागाई'तला 'महाग' संस्कृत 'महार्घ'वरून आला; अर्घ म्हणजे मोल. महागाई ही स्थिती आहे, 'स्वस्ताई'च्या उलट. बातमीतला आकडा मात्र वेगाचा असतो. १०० रुपयांची वस्तू वर्षात १०८ची झाली आणि पुढच्या वर्षी ११३ रुपये ४० पैशांची, तर दर ८ टक्क्यांवरून ५ वर आला, भाव चढलेच. 'महागाईचा दर घटला' असं लिहायला हवं. 'दर' गाळला की वाचकाला आपली थट्टा चालल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

इंग्रजी 'इन्फ्लेशन'साठी वापरला जाणारा 'चलनवाढ' मात्र मला खटकतो, कारण या शब्दात निदान आधीच करून ठेवलंय : पैसा फार झाला म्हणून भाव चढले. सरकारने मिळकतीपेक्षा जास्त खर्च करून ती तूट भरायला नोटा छापल्या असतील तर निदान बरोबर. मग व्याजदर वाढवा, सरकारी खर्च आवरा. पण १९७३-७४मध्ये खनिज तेल काही महिन्यांत जवळपास चौपट महागलं, ते तेलउत्पादक अरब देशांनी पुरवठा आवळल्यामुळे. व्याज वाढवून तेल निघत नाही. मागणी दबते, कारखाने मंदावतात आणि बेकारी वाढते. अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर चढवून भाववाढीचा दर १९८०च्या साडेतेरा टक्क्यांवरून १९८३पर्यंत तीन टक्क्यांच्या आसपास आणला खरा, पण मधे १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली होती. उलट करवाढ टाळून, सरकारी कामं काढून रोजगार वाढवायला जावं, तर भाव पुन्हा उसळण्याची भीती.

म्हणून कारण सांगायचं नसेल तिथे मी 'भाववाढ' लिहितो. भाववाढ आणि मंदी-बेकारी ही दोन्ही दुखणी एकदम आली की इंग्रजीत 'स्टॅगफ्लेशन' म्हणतात. १९६५मध्ये ब्रिटिश संसदेत खासदार इयन मॅक्लाउड यांनी तो शब्द वापरला होता. मराठीत 'मंदीयुक्त भाववाढ' चालतो. मला 'मंदीतली महागाई' जास्त आवडतो, बोलता तरी येतो.

'बेकारी' की 'बेरोजगारी'? दोन्ही चालतील. फक्त माणसाला 'बेकार' म्हणताना जपून, त्याला 'कुचकामी' असाही वास येतो.