निर्मलजितसिंग सेखों यांनी खरोखरच सहा विमाने पाडली होती का?

नाही. १९७१च्या युद्धात फ्लाइंग ऑफिसर सेखों यांनी एकट्याने सहा पाकिस्तानी विमाने पाडली काय आणि त्यांचा मृत्यू कसा झाला, असे आपण विचारले आहे. सहा हा आकडा पेशावरहून श्रीनगरच्या विमानतळावर चालून आलेल्या सेबर या पाकिस्तानी लढाऊ विमानांचा आहे. परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात एका सेबरवर अचूक मारा आणि दुसऱ्याचे नुकसान एवढेच नमूद आहे, आणि माझ्या मते तेवढे पुरेसे आहे.

सेखों लुधियाना जिल्ह्यातले. वडीलही वायुदलात होते. १९६७ साली सेखों वैमानिक म्हणून रुजू झाले आणि पुढे १८व्या स्क्वाड्रनमध्ये नॅट विमान चालवू लागले. १९४८च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे युद्धाला तोंड फुटेपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमाने ठेवलीच जात नसत. त्यामुळे युद्धाच्या वेळी तेथे आलेल्या सेखों यांना तो डोंगराळ मुलूख, ती उंची आणि काश्मीरचा हिवाळा हे सारे नवखेच होते.

आमच्या नागपुरात वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असल्याने विमानांच्या गप्पांना येथे तोटा नाही. नॅट किती लहान होते, हे मात्र मला एका रविवारी नातवासोबत गच्चीवर टेप धरल्यावरच उमगले. लांबी पावणेनऊ मीटर, पंखांचा विस्तार पावणेसात मीटर. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत अख्खे विमान मावले, वर कपडे वाळत घालायची दोरी बांधायला जागा उरली!

१४ डिसेंबरच्या सकाळी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच सेखों यांनी, त्यांच्या जोडीचे विमान आधीच उडालेले असताना, उड्डाण केले. सुरक्षित खंदकात थांबले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. वर जाताच त्यांनी दोन सेबर गाठली. ही झुंज झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर चालली होती. तेवढ्यात उरलेली सेबर मदतीला धावली आणि एकाला चार असा सामना झाला. विमानाला मार बसल्यावर अखेरच्या क्षणी त्यांनी बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, कॉकपिटवरचे झाकण उडाल्याचेही दिसले. परंतु इतक्या कमी उंचीवर पॅराशूट उघडायला वेळच नव्हता. अवशेष एका दरीत मिळाले. शोध घेऊनही पार्थिव मात्र कधीच हाती लागले नाही.

वायुदलातील परमवीर चक्राचे ते आजवरचे एकमेव मानकरी आहेत.