आत आलास कसा?

*प्रिय अक्का,*

*मी एकोणीस वर्षांची आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सोलापूरजवळ कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहते. वर्षभरापासून मोबाइलवरच्या एका ॲपवर कथामालिका लिहिते. नायिका रेवा माझ्याच वयाची, घरकुलातच राहणारी. नायक म्हणजे पेशव्यांचा एक शिलेदार, १८१८ साली सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या वेढ्यात मेलेला आणि अजून तिथेच असलेला. दिसायला देखणा, बोलायला तुसडा. एकवीस भाग झाले. आधी सगळ्यांना आवडत होतं. आता रोज कॉमेंट येतात, ‘हीरो डोक्यात जातो’, ‘रेवाला ह्याच्यात दिसलं काय?’, ‘कुणीतरी ह्याला बाटलीत भरा’. माझी जिवलग मैत्रीणसुद्धा म्हणाली की तू चुकीच्या माणसाला हीरो केलंस. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मी रात्र रात्र रडते. पण मला तो तसाच हवा आहे, गरीब गाय नको. त्याला मागच्या जन्मीचं एखादं मोठं दुःख द्यावं का, म्हणजे लोक समजून घेतील? की लिहिणंच बंद करू?*

*घरी विचारण्यासारखं कुणी नाही. पप्पा पॉवरलूमवर असतात. आई (आम्ही तेलुगू, मी तिला अम्मा म्हणते) आधी ऐकायची, दुपारी ती विड्या वळताना मी वाचून दाखवायचे. चौथ्या भागाच्या मध्येच ती पानं भिजवायला उठली, आणि मग तिला वेळच मिळाला नाही.*

*तुमची, शिलेदाराची लेखिका*

पोरी,

कॉमेंट, मैत्रीण, रडणं, हे सगळं मी भराभर वाचून काढलं. शेवटच्या दोन ओळींवर मात्र अडकले.

भर दुपारी पानं भिजवायला कोण उठतं गं? विडीच्या घरात वाढलेल्या मुलीला हे मी सांगायचं? पानं आदल्या संध्याकाळी भिजतात, रात्रभर ओल्या फडक्यात राहतात, सकाळी फर्मा, म्हणजे मापाचा साचा, ठेवून कापली जातात. दुपारी बाई बसते ती तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन. हजार विड्या भरायच्या असतात, पाणी प्यायलासुद्धा ती उठत नाही. अशी बाई सूप खाली ठेवून उठली, तोंडाला येईल ते कारण देऊन निघून गेली, आणि तू ते कारण खरं मानलंस. खरं मानलंस की तुला तेच सोयीचं होतं, हे तुझं तुला ठाऊक.

मी ॲपवर जाऊन चौथा भाग काढला. रेवा झोपली आहे, शेजारी खाली तिची आई. मध्यरात्री शिलेदार मागच्या भिंतीतून आत येतो आणि पहाटेपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहतो. ती जागी होते तेव्हा म्हणतो, ‘झोपेत किती बावळट दिसतेस.’ आणि पुढे, ‘दोनशे वर्षं वाट बघितली आहे, तू माझीच आहेस, त्यात विचारायचं काय?’ रेवाच्या छातीत धडधडतं. मग चांदणं. पुष्कळ चांदणं. आईच्या वाट्याला एकच वाक्य आहे, ‘आई कुशीवर वळली’.

हे तू तुझ्या आईला, तिच्याच घरात बसून वाचून दाखवलंस.

ते घर कसं आलं, हे तुला कुणी सांगितलं आहे का? २००६ मध्ये कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने. पंतप्रधान आले होते किल्ल्या द्यायला. त्याआधी किती मोर्चे निघाले ते तुझ्या गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला विचार. कामगार नेते आडम मास्तरांच्या मागे या बायका उन्हातान्हात चालल्या, मजुरीतून वाचवून आपला हिस्सा भरला. तुझ्या आईचं, नाहीतर आजीचं नाव त्या यादीत असणार. त्या घराला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे. तुझा शिलेदार भिंतीतून आला, आणि घरातल्या कुणी त्याला हटकलं नाही.

ड्रॅक्युलाचं तरी बघ की. १८९७ सालचं ते पुस्तक, माणसाचं रक्त पिणारा उमराव, त्यालासुद्धा घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा ‘या’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. तुझ्या पेशवाई शिलेदाराला तेवढीही अट नाही.

आता चिडू नकोस. हीरो गोड कर, असं मी म्हणत नाहीये. मला स्वतःला गोष्टीतली वाईट माणसं फार आवडतात. सोज्वळ नायकाच्या पाचशे पानांपेक्षा एका नालायकाची पन्नास पानं बरी. पण नालायक माणसाची प्रेमकथा लिहायची तर समोरची बाई कशी लागते, ते महाभारतात वनपर्वात लिहून ठेवलं आहे. दमयंती आपल्या विदर्भातली. नळ पहिल्यांदा तिच्यासमोर येतो तो कसा, माहीत आहे? देवांचा निरोप्या म्हणून, देवांच्या कृपेने पहारेकऱ्यांना न दिसता, थेट तिच्या महालात. त्याला बघून तिचं काळीज हलतं, सगळ्या सख्या उठून उभ्या राहतात. तरी तिचा प्रश्न काय? तू कोण, आणि इतका कडक पहारा असताना कुणाला न दिसता आत आलास कसा? प्रेमात पडता पडता विचारते ती. आणि नळ आधी नाव सांगतो, मग कुणी पाठवलं ते सांगतो, मग बोलतो.

पुढे हाच नळ द्यूतात राज्य घालवतो. अंगावर एकच वस्त्र उरलेलं, दोघांत मिळून, तेही अर्धं कापून घेतो आणि झोपलेल्या बायकोला जंगलात सोडून निघून जातो. तुझ्या शिलेदाराने एवढं केलेलं नाही! तरी लोक नळाची गोष्ट ऐकत आले, कारण दमयंती त्याला सोडत नाही, म्हणजे जाऊ देत नाही. गावोगाव ब्राह्मण पाठवते आणि भर सभांमधून विचारायला लावते, अरे जुगाऱ्या, अर्धं वस्त्र कापून कुठे गेलास? त्याला ओढून आणायला दुसऱ्या स्वयंवराची खोटी आवई उठवते. तो आला, तर रूप बदललेलं. मग दासी पाठवून पारख करते, त्याच्या हातचं रांधलेलं मागवून चव घेते, मुलं त्याच्यासमोर पाठवते. आणि मग समोरासमोर विचारते की झोपलेल्या बायकोला रानात टाकून जाणारा कुणी धर्मात्मा तू पाहिला आहेस का? कलीने घेरलं होतं हे त्याचं उत्तर नंतर येतं, तिच्या प्रश्नानंतर.

तुझी रेवा एकवीस भागांत एकदाही विचारत नाही. चौथ्यात तो घरात घुसला, सातव्यात ‘विश्वास आहे का बघू’ म्हणून बुरुजावरून ढकलून शेवटच्या क्षणी झेललं, नवव्यात तिच्या मैत्रिणीला असं घाबरवलं की ती बिचारी पुन्हा कथेत आलीच नाही. दर वेळी रेवा लाजते. पंधराव्यात तर कॉलेज सोडते आणि कारणही लिहिलेलं नाही. वाचकांचा राग हीरोवर नाही गं. तो राग रेवाच्या वाटचा आहे. ती रागवत नाही म्हणून त्यांना रागवावं लागतं.

आणि ते मागच्या जन्मीचं दुःख. देऊ नकोस. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला, तुझा शिलेदार तोफेच्या गोळ्याने मेला, वाईट झालं. पण गोळा इंग्रजांचा होता, त्याचा हिशेब घरकुलातल्या पोरीकडून का? या प्रकारच्या कथांत हा माल खूप खपतो. आधी चौदा भाग छळायचं, पंधराव्यात त्याचं बालपण, सोळाव्यात वाचक रडून मोकळे. करशील तर जमेलही तुला, हात चांगला आहे तुझा. किल्ल्याच्या खंदकाचं वर्णन तर मी परत जाऊन वाचलं. म्हणूनच सांगते, हा रस्ता घेऊ नकोस.

तुला दुसरीकडे बघायचं असेल तर फार लांब जायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या जत्रेत, गड्ड्यात असतेसच. अक्षतांच्या सोहळ्यात संमती कट्ट्यासमोर, ‘दिड्डम् दिड्डम् सत्यम् सत्यम्’ म्हणत लाखो माणसं अक्षता टाकतात, ते कुणाच्या लग्नाला? एका कुंभारकन्येच्या. तिने सिद्धरामेश्वरांना, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांना, आपणहून लग्नाचं विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की माझ्याशी होणार नाही, माझ्या योगदंडाशी कर. तिने विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. बाराव्या शतकातल्या या गोष्टीसाठी सोलापूर अजून दरवर्षी रस्त्यावर येतं. आणि तू सोलापुरात बसून ‘त्यात विचारायचं काय’ लिहितेस.

कॉमेंटवर रडतेस त्याबद्दल मी काही गोंजारणार नाही. तुझी आई कारखान्यात माल घेऊन जाते तेव्हा तपासणारा तिच्यासमोर तिच्या विड्या बाजूला काढतो, ही सैल, ही वाकडी, आणि त्याचे पैसे जातात. ती घरी येऊन पुन्हा सूप घेते. तुझे नापसंत भाग कुणी मजुरीतून कापत नाही.

तर करायचं एकच. उद्या दुपारी ती बसली की शेजारी बस. हातात कात्री घे, नाहीतर दोरा घे, नुसती मोबाइल धरून बसू नकोस. चौथा भाग पहिल्यापासून वाच. ती पुन्हा उठली तर तू वाचणं थांबव आणि विचार, ‘अम्मा, तू त्या दिवशी का उठलीस?’ पानांचं कारण दिलं तर हस आणि पुन्हा विचार. उत्तर काय येईल त्याचा मला एक अंदाज आहे, पण तो तिच्या आयुष्याबद्दल आहे, तेव्हा बोलायचा हक्क तिचा. कदाचित ती एवढंच म्हणेल की असला माणूस माझ्या घरात नको. कदाचित तुला माहीत नसलेलं काही निघेल. मध्ये बोलू नकोस. ‘अगं, तो भूत आहे’ असं तर मुळीच म्हणू नकोस.

तोपर्यंत बावीसावा भाग टाकायचा नाही. वाचक बोंबलतील, बोंबलू देत.

मैत्रिणीला फोन आजच कर. माफीबिफी नको, नुसतं सांग की नववा भाग पुन्हा लिहिते आहे आणि त्यातली मैत्रीण परत येणार आहे. तिला कळेल.

आणि आई जे बोलेल ते मला कळवत बसू नकोस, बावीसाव्या भागात घाल. ‘आई कुशीवर वळली’ त्या रात्री ती प्रत्यक्षात जागीच होती, असं धरून लिही. उठू दे तिला, दिवा लावू दे, आणि त्या दोनशे वर्षांच्या शिलेदाराला जे विचारायचं ते तिच्या तोंडून येऊ दे. तेलुगूत बोलली तर तेलुगूतच लिही. वाचक लावतील अर्थ.

तुझी,
अक्का