विराम, विलंब की दम?

प्रश्न असा आला आहे: सी भाषेच्या मराठी टिपणांत 'प्रत्येक ओळ छापल्यावर प्रोग्रॅम दोन सेकंद थांबतो' हे शिकवायचं आहे. त्या थांबण्याला विलंब म्हणावं, विराम म्हणावं की थांबा? आणि प्रोग्रॅमला थांबवणाऱ्या स्लीप या फंक्शनला (तयार आज्ञेला) 'झोप' म्हटलं तर मुलं हसतील का?

आधी विलंब बाद करू. टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरवर सी शिकलेल्यांच्या डोक्यात थांबण्यासाठीचं डिले हे फंक्शन पक्कं बसलेलं आहे, आणि डिले म्हणजे विलंब हे शाळेपासून पाठ. म्हणून तो शब्द आपसूक हाताशी येतो. पण मराठीत विलंब होतो तो ठरलेली वेळ टळून गेल्यावर. गाडी विलंबाने धावते, विलंब शुल्क भरावं लागतं, कुणीतरी कुठेतरी ताटकळलेलं असतं. (विलंबित लय तेवढी निर्दोष. तिथे मूळ संस्कृत धातूचा लोंबण्या-रेंगाळण्याचा अर्थ टिकून आहे.) तुमचा प्रोग्रॅम उशीर करत नाही, तो मुद्दाम थांबतो.

विरामात हा मुद्दामपणा आहे. स्वल्पविरामापाशी वाचणारा अडखळत नाही, थांबतो. ते थांबणं वाक्याच्या रचनेतच असतं. पद्यातली यतीही आठवली होती: मंदाक्रांता वृत्ताच्या ओळीतल्या सतरा अक्षरांत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर थांबायचं. पण यती ओळीच्या पोटात येते आणि अक्षरं मोजून येते. आपल्याला हवी दोन ओळींमधली जागा, तीही घड्याळाने मोजलेली. 'थांबा' मात्र ठिकाणाला चिकटला आहे, बसथांबा म्हणतो तसा. 'या गाडीला इथे थांबा नाही' यात सेकंदांचा हिशेब नसतो.

विराम आणि विलंब यांतला फरक नुसता कोशातला नाही, तो पडद्यावर दिसतो. प्रिंटएफ या सीमधल्या छापणाऱ्या फंक्शनने छापलेला मजकूर लगेच बाहेर पडतोच असं नाही. तो आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, जमतो. टर्मिनलवर, म्हणजे थेट पडद्यावर छापताना, सहसा न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) आली की बफर रिकामा होतो, म्हणून ओळीमागून ओळ छापताना सगळं सुरळीत वाटतं. आता न्यूलाइन न देता एकाच ओळीत दहा टिंबं छापा, प्रत्येकानंतर एक सेकंद थांबा. लिनक्सवर बहुधा पडदा दहा सेकंद कोरा राहील आणि मग दहाही टिंबं एकदम उमटतील. आउटपुट पडद्याऐवजी पाइपमधून थेट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळवलंत तर पूर्ण ओळींचंही तेच होतं. विराम मागितला होता, पदरात विलंब पडला! प्रत्येक प्रिंटएफनंतर एफफ्लश या फंक्शनने एसटीडीआउटचा (प्रोग्रॅमच्या नेहमीच्या आउटपुटचा) बफर रिकामा केला की विराम परत येतो. मुलांना दोन्ही शब्द शिकवायचे असतील तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

झोपेचं म्हणाल तर खुशाल म्हणा, आणि हसू द्या. स्लीपमध्ये प्रोग्रॅम खरोखर झोपतो. तेवढा वेळ प्रोसेसर दुसऱ्या कामांना मोकळा असतो. पूर्वी वेळ काढायला रिकामी फॉर लूप लाखो वेळा फिरवत, ती झोप नव्हे, जागच्या जागी धावणं. शिवाय प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे आजचे कंपायलर अशी बिनकामाची लूप पुष्कळदा उडवूनच लावतात.

एकक मात्र शब्दात लिहाच. लिनक्सवरचं स्लीप सेकंद मोजतं, विंडोजवरचं मोठ्या एसचं स्लीप मिलिसेकंद. तिथे नुसतं 2 लिहिलंत तर झोप लागली कधी आणि उडाली कधी ते कळायचंही नाही. 'पळभर थांबा' असलं सैल काही लिहू नका. जुन्या कालगणनेत पळ म्हणजे चोख 24 सेकंद.

खरं सांगायचं तर माझा जीव तिसऱ्याच शब्दावर आहे: दम. तबल्याच्या तिहाईत एकच बोल तीनदा येतो, आणि दोन बोलांमधल्या मोजलेल्या मोकळ्या जागेला दम म्हणतात. अशी जागा असेल ती दमदार तिहाई, नसेल ती बेदम. दोन ओळींमध्ये नेमका वेळ रिकामा सोडणं याहून वेगळं काय आहे? 'जरा दम धर' तर घरोघरी ऐकू येतं. पण क्रियापद सांभाळायला हवं. 'प्रत्येक ओळीनंतर दम द्या' असं लिहिलंत तर मुलं संगणकावर डोळे वटारून बसतील.

म्हणून टिपणात मी सरळ लिहीन: 'प्रत्येक ओळीनंतर 2 सेकंदांचा विराम घ्या.' दम वर्गात तोंडी वापरा.