ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वतः मोठे जमीनदार असूनही जमीनदारांच्या फायद्याचे, परदेशी धान्य रोखणारे धान्य कायदे का रद्द केले?

पील हे गिरणीमालकाचे पुत्र असल्यामुळे त्यांनी अखेर कारखानदारांचीच बाजू घेतली, असे एक उत्तर या प्रश्नाला दिले जाते. त्यांच्याच हुजूर पक्षातील जमीनदारही त्या वेळी हाच आरोप करीत होते. मला मात्र तो पटत नाही.

घराण्याचा पैसा कापडाचा होता, हे खरे आहे. आजोबा लँकेशरमध्ये सुती कापडावर छपाई करीत, आणि पार्स्लीच्या पानाची त्यांची नक्षी इतकी गाजली की लोक त्यांना ‘पार्स्ली पील’ म्हणू लागले. वडिलांनी बरी गावाच्या परिसरात गिरण्या चालवून अमाप संपत्ती मिळवली, त्यातून टॅमवर्थजवळ ड्रेटनची जमीन घेतली आणि १७९० मध्ये ते टॅमवर्थमधूनच पार्लमेंटवर निवडून गेले. मुलाने मात्र गिरणी कधीच चालवली नाही. हॅरो आणि ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून तो १८०९ मध्ये, एकविसाव्या वर्षीच, कॉमन्स सभेत दाखल झाला, आणि १८३० मध्ये वडील वारल्यावर ड्रेटनचा मालक झाला. ज्या कायद्यांवर पुढे त्याने घाव घातला, त्यांच्यावर त्याचे स्वतःचे उत्पन्न अवलंबून होते.

१८१५ च्या धान्य कायद्यानुसार देशी गव्हाचा भाव क्वार्टर या मापाला ८० शिलिंगांपर्यंत चढल्याशिवाय परदेशी गहू विकायला बंदी होती. पुढे बंदीच्या जागी भावानुसार बदलणारी जकात आली, तरी संरक्षण कायम राहिले, आणि पील यांनी अनेक वर्षे त्याचे समर्थनच केले. त्यांचे मत पालटले ते राज्यकारभार हाती असताना. १८४२ मध्ये त्यांनी अनेक मालांवरील जकात उतरवली आणि तूट भरून काढण्यासाठी १५० पौंडांवरील उत्पन्नावर पौंडामागे ७ पेन्स आयकर बसवला. जकात उतरल्यावर व्यापार वाढला. पाव महाग झाला म्हणून मजुराची मजुरी वाढत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले; मग महागाईचा सगळा भार मजुराच्याच ताटावर पडत होता. माझ्या मते निर्णयाचे खरे मूळ येथे आहे. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर पडलेल्या रोगाने त्याला केवळ निकड आणली.

त्या संकटात त्यांनी गाजावाजा न करता अमेरिकेतून १ लाख पौंडांचा मका मागवला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र गव्हावरील जकात १८४९ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरणार होती, त्यामुळे उपाशी आयरिश कुटुंबांना कायदा रद्द झाल्याचा फारसा लाभ झाला नाही, ही उणीव मला फार मोठी वाटते.

मे १८४६ मध्ये कॉमन्स सभेत विधेयक ३२७ विरुद्ध २२९ मतांनी संमत झाले, तेही विरोधकांच्या बळावर, कारण पील यांच्या पक्षातील बहुसंख्य सभासद विरोधात गेले होते. पक्ष फुटला आणि जूनअखेर त्यांना राजीनामा द्यावा लागला. जमीनदारांना वाऱ्यावर सोडण्याचा मात्र त्यांचा विचार नव्हता. शेतात साचणारे पाणी काढण्यासाठी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालायला सरकारी कर्जाची सोय त्यांनी याच योजनेत केली होती, कारण चांगली शेती करणारा स्पर्धेत टिकेल, असा त्यांचा विश्वास होता. पुढची सुमारे पंचवीस वर्षे इंग्लंडची शेती खरोखरच भरभराटीत राहिली. अमेरिकेच्या स्वस्त गव्हाने तिचे कंबरडे मोडले ते १८७० च्या दशकात.