जुनं इंग्रजी वाचताना ओळखीच्या शब्दांना जास्त जप

अनोळखी शब्दाची भीती नको बाळगूस, तो दिसला की आपण आपोआप डिक्शनरी उघडतोच. खरा घोळ ओळखीच्या शब्दांचा होतो. शेक्सपिअरच्या ज्युलिएटचं ते 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' घे, मी कितीतरी दिवस समजत होतो की ती रोमिओला शोधतेय, कुठे आहेस म्हणून, पण व्हेअरफोर म्हणजे 'का'. तू रोमिओच का, शत्रूच्या घरातलाच का, असं ती म्हणतेय, आणि हे कळलं की तिचं पुढचं नावाबद्दलचं सगळं बोलणं एकदम लागतं.

तसंच 'लेट'. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते, एक करू देणे आणि दुसरा अडवणे, पुढे दोघांचं स्पेलिंग एकच झालं. हॅम्लेट भुताच्या मागे जाताना मला जो लेट करेल त्याचंच भूत करीन म्हणतो, ती अडवणाऱ्याला धमकी आहे. आपला पासपोर्ट उघडून बघ, राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलीय त्यात 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' आहे, तोच जुना लेट अजून जिवंत!

'नाइस' म्हणजे एकेकाळी मूर्ख, 'प्रेझेंटली' म्हणजे लगेच.

म्हणून साधी डिक्शनरी पुरत नाही रे. ऑक्सफर्डची मोठी बघ, १८८४ पासून भागाभागाने येत १९२८ ला पूर्ण झाली ती, त्यात प्रत्येक अर्थाखाली सालासकट वाक्यं असतात, तुझं पुस्तक ज्या काळातलं त्या काळचं वाक्य आधी वाच आणि मगच अर्थ वहीत उतरव.