वाचकांचे प्रश्न : ग्राफ मोजले, आता ते दुसऱ्याला पटणार कसे?

प्रश्न : अकरा शिरोबिंदूंच्या सगळ्या ग्राफांवर (ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा; ठिपके म्हणजे शिरोबिंदू) एक अटकळ तपासायची आहे. आम्ही तिघं तीन संस्थांत आहोत. काम वाटायचं कसं, आणि एकही ग्राफ निसटला नाही हे कशावरून ठरवायचं?

ग्राफ तयार करणारा प्रोग्राम स्वतः लिहायला बसू नका. ब्रेंडन मॅके यांच्या 'नॉटी' या मुक्तस्रोत पॅकेजातला 'जेनजी' हेच करतो : एकरूप, म्हणजे फक्त शिरोबिंदूंचे क्रमांक बदलून एकमेकांसारखे होणाऱ्या, ग्राफांपैकी प्रत्येकी एकच काढतो. दहा शिरोबिंदूंचे १,२०,०५,१६८ ग्राफ होतात, अकराचे १,०१,८९,९७,८६४. 'ग्राफ-सिक्स' या, प्रत्येक ग्राफ एका ओळीत लिहिण्याच्या स्वरूपात अकराच्या ग्राफाला ओळ बदलण्याच्या खुणेसकट १२ बाइट लागतात, म्हणजे सगळी यादी साधारण १२ जीबी. ती साठवायची गरजच नाही. जेनजीचा आउटपुट पाइपनं थेट तुमच्या तपासणी प्रोग्रामला द्या आणि फक्त अपवाद लिहून ठेवा.

वाटणीसाठी जेनजीला शेष आणि भाजक देता येतात : ०/३००, १/३००, असं २९९/३०० पर्यंत. तुकडे सारख्या आकाराचे नसतात, त्यामुळे तीन माणसं म्हणून तीनच तुकडे केलेत तर दोघं मोकळे बसतील. तुकडे भरपूर करा. ज्याचं मशीन रिकामं होईल त्यानं पुढचा उचलावा. मात्र आवृत्ती, पर्याय आणि भाजक तिघांकडे एकच हवेत.

गफलत बहुधा इथे होते : वेळमर्यादा संपली म्हणून सर्व्हरनं मध्येच काम थांबवलं, तरी अर्धवट फाइल दिसायला अगदी व्यवस्थित असते. जेनजी काम पुरं झाल्यावर एरर-आउटपुटवर '>झेड'नं सुरू होणारी, एकूण ग्राफांची संख्या सांगणारी ओळ छापतो. बरेच जण हा आउटपुट 'कटकट' म्हणून फेकून देतात. तो जपा. ज्या तुकड्याच्या नोंदीत ही ओळ नाही, तो पुन्हा चालवायचा. तीनशे ओळींतल्या संख्यांची बेरीज वरच्या आकड्याशी जुळली पाहिजे.

तुमच्या तपासणी प्रोग्रामपर्यंत सगळं पोचलं का, याची याहून कडक कसोटी आहे. प्रत्येक ग्राफासाठी अकराच्या क्रमगुणिताला त्याच्या स्वयंरूपणांच्या (ग्राफ जसाच्या तसा ठेवणाऱ्या शिरोबिंदूंच्या अदलाबदलींच्या) संख्येनं भागा आणि सगळे भागाकार मिळवा. उत्तर २ चा ५५ वा घात, म्हणजे ३६,०२,८७,९७,०१,८९,६३,९६८ यायलाच हवं. ही बेरीज पूर्णांकातच ठेवा. दशांश (फ्लोटिंग पॉइंट) चलात २ च्या ५३ व्या घातापुढे शेवटचे अंक भरवशाचे राहत नाहीत. आधी चार शिरोबिंदूंवर करून पाहा : ११ ग्राफ, बेरीज ६४.

जेनजीत स्वतःचं छाटणी-फंक्शन (नको ते ग्राफ गाळणारा कोड) जोडणार असाल तर एक अट पाळा. तो एकेक शिरोबिंदू वाढवत जातो, म्हणून तुमचा गुणधर्म शिरोबिंदू काढल्यावरही टिकणारा हवा. 'त्रिकोण नाही' चालेल. 'जोडलेला आहे' यावर मधल्या टप्प्यात छाटलंत तर चांगले ग्राफ गुपचूप गळतील, आणि चूक झाल्याचा एकही संदेश येणार नाही.

प्रश्न : सहकाऱ्याच्या आणि माझ्या यादीत ग्राफांची संख्या तंतोतंत सारखी आहे, पण ओळी जुळत नाहीत. कोण चुकलं?

बहुधा कोणीच नाही. ग्राफ-सिक्स ओळ ग्राफाची नसते, त्याला दिलेल्या क्रमांकांची असते. तीन शिरोबिंदूंचा मार्ग घ्या. पहिलं अक्षर कॅपिटल 'बी' : शिरोबिंदूंच्या संख्येत ६३ मिळवून आलेला ६६ हा त्याचा संकेतांक. पुढचं अक्षर मधल्या शिरोबिंदूला कोणता क्रमांक दिला यावर ठरतं. ० दिला तर 'ओ', १ दिला तर 'जी' (दोन्ही लहान लिपीतली), २ दिला तर कॅपिटल 'डब्ल्यू'. एकच ग्राफ, तीन ओळी. आणि लहान 'डब्ल्यू' असेल तर तो त्रिकोण! म्हणून या ओळी फाइलींची नावं म्हणून वापरू नका; लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणाऱ्या डिस्कवर त्रिकोण मार्गावर लिहिला जाईल.

दोन्ही याद्या नॉटीतल्याच 'लेबलजी'मधून काढा (तो एकरूप ग्राफांना एकच प्रमाण क्रमांकन देतो), मग क्रमवारी लावून ताडून पाहा. दोघांची आवृत्ती आणि पर्याय एकच ठेवा, कारण प्रमाण क्रमांकन आवृत्तीगणिक बदलू शकतं. क्रमवारी बाइटनुसार लावा, भाषेच्या सेटिंगनुसार नको.

प्रश्न : सॅट सॉल्व्हरनं (तर्कसूत्र खरं ठरवणाऱ्या किमती शोधणाऱ्या प्रोग्रामनं) 'समाधान नाही' सांगितलं. निबंधात एवढं पुरेल?

नाही. सॉल्व्हरकडून 'ड्रॅट' स्वरूपातली, मशीनला पायरीपायरीनं तपासता येणारी सिद्धता लिहून घ्या आणि ती 'ड्रॅट-ट्रिम'सारख्या स्वतंत्र तपासनिसाकडून तपासा. फाइल अवाढव्य होऊ शकते : २०१६ मध्ये होयले, कुलमन आणि मारेक यांनी १ ते ७८२५ या संख्या दोन रंगांत अशा वाटता येत नाहीत, की एकही पायथागोरीय त्रिकूट (३, ४, ५ सारखं, पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज तिसऱ्याच्या वर्गाइतकी असलेलं) एकरंगी होणार नाही, हे दाखवलं, ती सिद्धता सुमारे २०० टेराबाइटची होती.

पण तपासनीस फक्त तुमचं सूत्र तपासतो. गणिताचं सूत्रात रूपांतर करताना झालेली चूक त्याला दिसत नाही, आणि आमच्या मते खरा धोका तिथेच असतो. विशेषतः सममिती मोडणाऱ्या (एकाच उत्तराची क्रमांक बदललेली रूपं वगळणाऱ्या) दोन अटी सुट्या बरोबर असतात आणि एकत्र आल्या की खरी समाधानंही मारतात. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर तोच कोड चालवा. शिरोबिंदूंच्या प्रत्येक जोडीतली रेषा दोनपैकी एका रंगात रंगवायची, पण ज्यांच्यातल्या सहाही रेषा एकाच रंगाच्या आहेत असे चार शिरोबिंदू नकोत : १७ शिरोबिंदूंना १३६ चल आणि ४,७६० क्लॉज (सूत्रातल्या अटी) होतात आणि समाधान मिळायला हवं, १८ ला नाही. १७ लाच 'नाही' आलं तर रूपांतर चुकलंय.

प्रश्न : कोड सार्वजनिक ठेवला आहे. परवाना लागतोच का?

लागतो. परवाना नसलेला कोड लोकांना वाचता येतो, पण बदलून वाटायचा हक्क मिळत नाही. सेज किंवा गॅप या मुक्तस्रोत गणिती प्रणालींमध्ये तो जावा असं वाटत असेल तर त्यांच्या जीपीएल या परवान्याशी जुळणारा परवाना घ्या. नॉटी अपाची २.० या परवान्याखाली आहे. जीपीएल ३ शी ते जमतं, 'फक्त जीपीएल २' शी नाही. सहलेखकांचा कोड असेल तर परवाना पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर प्रत्येकाची संमती गोळा करत फिरावं लागतं.