वाचकांचे प्रश्न : दोन मोसमांत संपलेले खेळाडू

प्रश्न : माझा नातू आठवीत आहे, शाळेच्या संघातून बेसबॉल खेळतो. अमेरिकेतल्या जुन्या खेळाडूंचे आकडे तासन्‌तास चाळत बसतो. 1870-80च्या सुमाराचे कितीतरी खेळाडू एक-दोन मोसमांत, काही तर दहा-पंधरा सामन्यांतच संपलेले दिसतात. "आजी, हे सगळे कच्चे लिंबू होते का गं?" असं विचारतो. काय सांगू?
– एक वाचक, नवी पेठ, पुणे

उत्तर : ताई, कच्चं लिंबू मुळीच नाही! पुण्यातल्या शाळेत मुलांना सॉफ्टबॉल शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या माणसांबद्दल कुणी असं म्हटलं की मला राहवत नाही.

नातवाला शिकागोच्या लॅरी कॉर्कोरनचं नाव काढायला सांगा. 1880मध्ये विशीच्या या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, पहिल्याच मोसमात 43 सामने जिंकले. पण त्यासाठी 536 इनिंग (डाव, एका सामन्यात साधारण नऊ) टाकल्या. उजव्या हाताचं बोट सुजलं म्हणून एका सामन्यात त्याने आळीपाळीने दोन्ही हातांनी चेंडू टाकला. पंचविशीनंतर त्याच्या हातात काही उरलं नाही. 1887मध्ये खेळ संपला, 1891मध्ये बत्तिसाव्या वर्षी तो गेला.

कारण सरळ आहे. संघात दहा-बारा माणसं, त्यांत पिचर एक, फार तर दोन. काल टाकणाराच आज टाकणार. सिनसिनाटीच्या विल व्हाइटने 1879मध्ये 75 सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. प्रॉव्हिडन्सच्या रॅडबर्नने 1884मध्ये 678 इनिंग टाकल्या. सकाळी भांग पाडायलाही त्याचा हात वर जात नसे, असं सांगतात. एक्स-रेचा शोध लागला 1895मध्ये. तोवर हाताच्या आत काय झालंय हे बघणार कोण? चोळायचं आणि पुन्हा उभं राहायचं.

कॅचरचे, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचे, हाल वेगळे. उघड्या हातांनी झेल घ्यायचे, बोटं मोडायची. चार्ली वेट या खेळाडूने 1875मध्ये हातमोजा घातला तो कातडीच्या रंगाचा, लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून. हात वाचवणं भ्याडपणाचं समजत होते!

काहींचा तर स्वतःचा काही दोषच नव्हता. 1875मध्ये आयोवातल्या किओकक गावाचा संघ 13 सामने खेळून, त्यातला एक जिंकून, मोडला. मग खेळाडूच्या नावापुढे 13च दिसणार. बंपस जोन्सचं दैव बघा. 15 ऑक्टोबर 1892ला मोठ्या लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने समोरच्या संघाला एकही हिट (यशस्वी फटका) मिळू दिली नाही. पुढच्या वर्षी पिचरची जागा मागे सरकून साठ फूट सहा इंचांवर गेली. एकूण आठ सामन्यांत तो संपला.

मला सर्वांत जास्त बोचतो तो मोझेस फ्लीटवुड वॉकर. टोलिडोचा कृष्णवर्णीय कॅचर. 1884मध्ये मोठ्या लीगमध्ये 42 सामने, फलंदाजीची सरासरी .263, कॅचरसाठी चांगलीच. 1887च्या जुलैमध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या मालकांनी ठराव केला, यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार नाहीत. मोठ्या लीगचं दार जॅकी रॉबिन्सनसाठी 1947मध्ये उघडलं. पुणेकराला हे परकं वाटू नये. इथल्या गोऱ्यांच्या क्लबात नेटमध्ये गोलंदाजी करून तयार झालेल्या दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंना स्वतःच्याच हिंदू संघात चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. बाळूंना निदान चेंडू तरी टाकू दिला. वॉकरला मोठ्या लीगमध्ये पुन्हा खेळूच दिलं नाही.

नातवाला म्हणावं, सामन्यांच्या आकड्यावरून माणूस जोखू नकोस. पिचर असेल तर इनिंगचा रकाना आधी बघ, विजयांचा मागून. आणि ताई, तो स्वतः पिचिंग करत असेल तर दंड दुखतो का, हे तुम्हीच विचारा. संघातून काढतील या भीतीने या वयाची मुलं सरांना सांगत नाहीत, आजीला सांगतात. दुखत असेल तर चेंडू टाकणं बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा, सामना कितीही मोठा असो.